२०२५चे गेम, सिनेमे आणि कॉन: बनवणाऱ्यांना मधली जागा द्या

रात्रपाळी_गेमर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इथे गेमवरचा धागा निघाला की चार प्रतिसादांत तो मुलांच्या मोबाइलवेडाकडे वळतो. तो विषय महत्त्वाचा आहेच, त्यासाठी वेगळा धागा काढू. इथे मला २०२५मध्ये खेळलेल्या गेमबद्दल, थिएटरात पाहिलेल्या सिनेमांबद्दल आणि कॉनबद्दल, म्हणजे कॉमिक, गेम आणि सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्यांबद्दल, बोलायचंय.

मुद्दा आधीच मांडतो. वर्षभरात मला जे काही आतून हलवून गेलं, ते बहुतेक लहान चमूंचं काम होतं. आपल्याला काय करायचंय हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्याकडच्या कॉनमध्ये नेमकी अशीच माणसं शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहांच्या बाजूला बसवलेली असतात. हे बदलायला हवं असं मला फार वाटतं.

सुरुवात 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३'पासून करतो. फ्रान्समधल्या मॉन्पेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा हा पहिलाच गेम, २४ एप्रिलला आला. मुख्य चमू तीसेक जणांचा, काही कामं बाहेरून करून घेतलेली. दिग्दर्शक ग्योम ब्रॉश आधी युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीत होता. संगीतकार लोरियाँ तेस्तारनं त्यापूर्वी एकाही गेमला संगीत दिलेलं नव्हतं. साउंडक्लाउडवरच्या त्याच्या रचना ऐकून त्याला बोलावलं गेलं. गोष्ट अशी की लुमिएर नावाच्या शहरासमोर, समुद्रापार, एक चित्रकर्ती दरवर्षी एका प्रचंड शिळेवर आकडा रंगवते. दरवर्षी तो एकानं कमी होतो, आणि त्या वयाची माणसं विरून जातात. आयुष्याचं एकच वर्ष हातात उरलेली माणसं मोहीम काढून तिला थांबवायला निघतात. पहिल्या अर्ध्या तासात गुस्ताव्ह आणि सोफी त्या क्षणाची वाट बघत एकमेकांशेजारी उभे असतात. तिथे लढाई नाही, दाबायला बटण नाही. मी कंट्रोलर बाजूला ठेवून नुसता बघत राहिलो.

लढाई आळीपाळीची आहे. असे गेम गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी जवळपास सोडून दिले होते, 'आजच्या पोरांना धीर नाही' असं कारण देत. इथे मात्र शत्रूची पाळी असतानाही नेमक्या क्षणी बटण दाबून त्याचा वार परतवता येतो. प्रत्येक शत्रूची लय वेगळी. काही वार सरळ समेवर येतात, काही मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा, आणि डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतो. तबला शिकलेल्याला हा गेम लवकर जमेल असं मला खरंच वाटतं. डिसेंबरमध्ये द गेम अवॉर्ड्सचा वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार याला मिळाला, तो रास्तच होता.

दुसरा गेम 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा. गाभ्यातली माणसं तीन. फेब्रुवारी २०१९मध्ये घोषणा केली आणि ४ सप्टेंबर २०२५ला गेम आला. त्या दिवशी एवढ्या लोकांनी एकदम विकत घ्यायचा प्रयत्न केला की स्टीमसकट गेमची अनेक ऑनलाइन दुकानं काही काळ कोलमडली. किंमत फक्त २० डॉलर ठेवली होती. फार अवघड आहे अशी ओरड झाली, पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, सुरुवातीचे काही बॉस (मोठे शत्रू) थोडे सौम्य केले गेले. मला तो अवघडपणा आवडला. नायिका हॉर्नेटची तिरकी उडी हातात बसेपर्यंत चिडचिड होते, बसली की संपूर्ण नकाशा वेगळा दिसायला लागतो.

'घोस्ट ऑफ योतेइ' देखणा आहे. १६०३चा एझो, म्हणजे आजचं होक्काइदो, आणि सूडाला निघालेली आत्सु. वाऱ्यात डोलणारं गवत बघायला मी वाट सोडून भटकलो. पण अर्ध्या वाटेनंतर तीच तीच कामं समोर येतात. मोठ्या बजेटच्या गेमना हा आजार जडलाय, नकाशा भरलेला दिसलाच पाहिजे असा.

आता सिनेमे. 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' हा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपट, आपल्याकडे १२ सप्टेंबरला लागला आणि पहाटेच्या खेळांनाही गर्दी झाली. भारतात सर्वाधिक कमाई केलेला अ‍ॅनिमे सिनेमा तोच. युफोटेबल स्टुडिओनं तो उलटासुलटा, अनंत खोल्यांचा किल्ला ज्या पद्धतीनं फिरवलाय, ते मोठ्या पडद्यावरच बघावं. तक्रार एवढीच की ऐन लढाईत फ्लॅशबॅक सुरू होतात आणि लांबतात. आकाझा या राक्षसाचा भूतकाळ मात्र मला जराही लांबलेला वाटला नाही. सिनेमाचा जीव तिथेच आहे.

आणि 'महावतार नरसिंह'. २५ जुलैला आला, अश्विन कुमार दिग्दर्शक, तीनशे कोटींच्या वर धंदा. पहिल्या भागातले चेहरे मला ताठर वाटले, ओठ आणि आवाज जुळत नाहीत असंही जाणवलं. पण खांब फुटल्यानंतरचा शेवट बघताना थिएटरात जो आवाज झाला तो मी भारतीय अ‍ॅनिमेशनपटासाठी कधी ऐकला नव्हता. अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचं हा समज ज्या सिनेमानं आपल्याकडे मोडला, त्याच्या तांत्रिक उणिवा मी बाजूला ठेवायला तयार आहे.

कॉनबद्दल. नाव घेत नाही, कारण प्रश्न एका आयोजकाचा नाही. शिरल्या शिरल्या फोनचा स्टॉल, मग पेयाचा, मग एका ओटीटीचा सिंहासन ठेवलेला फोटोपॉइंट, मग टीशर्ट, टीशर्ट, टीशर्ट. स्वतःचं कॉमिक छापून घेऊन बसलेली माणसं सगळ्यात शेवटी. तिथवर पोचेपर्यंत लोकांचे पाय आणि पैसे दोन्ही संपलेले. मी एका टेबलाशी बराच वेळ बोलत उभा होतो, समोरच्या मुलीनं संपूर्ण कॉमिक स्वतः काढलेलं, स्वतः छापून आणलेलं. आजूबाजूला स्पीकर इतके मोठे की ती गोष्ट काय आहे हे तिला ओरडून सांगावं लागत होतं.

तुमची मतं सविस्तर लिहा.

फोमतलवार

अगदी मनातलं लिहिलंस रे. मी पुण्यात कॉस्प्ले करते, म्हणजे गेम-सिनेमांतल्या पात्रांचे पोशाख घडवून घालते, म्हणून त्या बाजूनं भर घालते.

लोकांना वाटतं पोशाख ऑनलाइन मागवला की झालं. तसे असतातही, त्यात वाईट काही नाही, नवीन मुलांनी तिथूनच सुरुवात करावी. पण चिलखत घडवणं ही वेगळी कारागिरी आहे. मुख्य माल ईव्हीए फोम, चपलांच्या तळव्याला वापरतात तोच. आधी स्वतःच्या अंगावर क्लिंगफिल्म आणि चिकटपट्टी गुंडाळून माप काढायचं, त्यावरून कागदी साचा, मग फोम कापायचा. हीट गननं गरम केला की तो वळतो आणि त्याची छिद्रंही बंद होतात. जोडायला काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह. मग फेव्हिकॉल पाण्यात कालवून त्याचे थरावर थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर वरचा रंग तडकतो. सामान बरंचसं बोहरी आळीत मिळतं. गणपतीच्या आधी तिथे गेलात तर सजावटवाले आणि आम्ही एकाच दुकानात एकाच वस्तूसाठी उभे असतो. २०१८मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून तेही फोमकडे वळलेत, आणि त्यांच्याकडून मी कापण्याच्या ज्या युक्त्या शिकले त्या कुठल्याच व्हिडिओत नाहीत.

आता कॉनमधलं. इंडियन चॅम्पियनशिप ऑफ कॉस्प्लेमुळे आपल्या मुलांना शिकागोच्या सी२ई२ या कॉनमध्ये जगभरच्या कारागिरांसमोर उभं राहायला मिळालं, हे मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय आयोजकांना द्यायलाच हवं. पण सगळा उजेड स्पर्धेवर. बाकीच्यांसाठी कपडे बदलायला पुरेशी जागा नसते, तुटलेला पट्टा चिकटवायला दुरुस्तीचं एक टेबल नसतं. ग्लू गन, सुईदोरा, दोन खुर्च्या. एवढं ठेवलं तरी आम्ही दुवा देऊ.

आणि न विचारता अंगाला हात लावून फोटो काढणाऱ्यांबद्दल नियम फलकावर लिहिलेला असतो, तो पाळून घेणारं माणूस हॉलमध्ये फिरताना दिसलं पाहिजे. हे मी रागानं नाही, काळजीनं लिहितेय. माझ्या ओळखीतल्या मुली याच कारणानं येईनाशा झाल्या.

जुनावेताळ

मी साठीचा माणूस. गेममधलं मला कळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला.

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायचे. १९६४ला टाइम्स ऑफ इंडियानं सुरू केले, वेताळाचे. पुढे आबिद सुरतींचा बहादूर आला. १९९०मध्ये बंद पडले. तेव्हा कॉन नव्हतं, पण वाचनालयाच्या पायरीवर अदलाबदल चालायची, आणि कुणाकडे कुठला अंक आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ असायचं.

तुमच्या यादीत मला एक सिनेमा घालायचाय. 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'. जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला, कोइची सासाकी तिसरे दिग्दर्शक. वनराज भाटियांचं संगीत. सुमारे साडेचारशे कलाकारांनी हातानं काढलेली चित्रं. नव्वदच्या दशकात तयार झाला, पण इथल्या थिएटरात रीतसर लागायला २४ जानेवारी २०२५ उजाडलं. मी नातवाला घेऊन गेलो होतो. पूर्वी टीव्हीवर पाहिला होता, पण कुंभकर्ण उठतो तो प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहणं ही निराळीच गोष्ट. राम मोहन २०१९ला गेले. भारतीय अ‍ॅनिमेशनचा पाया घालणारा हा माणूस मुंबईत राहून काम करत होता, आणि मुंबईतल्या किती मुलांना त्यांचं नाव माहीत आहे? तुमच्या त्या कॉनमध्ये त्यांच्या चित्रांचं एक दालन असावं असं मला वाटतं.

सबटायटल

धागा उत्तम. पण कॉनच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो.

गोरेगावच्या नेस्कोसारख्या जागेचं भाडं, सुरक्षा, वातानुकूलन, परदेशी पाहुण्यांचा प्रवास हा सगळा खर्च फोनवाला आणि पेयवालाच उचलतो. तो काढून टाकला तर तिकीट दुप्पट होईल आणि आमच्यासारखे नागपूरहून रात्रीच्या गाडीनं येणारे आधी गळतील. २०११च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये पहिली कॉमिक कॉन झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरला. तिथून आज इतक्या शहरांत कॉन होतायत, ते प्रायोजकांशिवाय झालं नसतं. २०२४पासून कॉमिक कॉन इंडिया नॉडविन गेमिंगकडे आहे, ती ई-स्पोर्ट्सची कंपनी. गेमचे स्टॉल वाढणारच होते. गेमच्या स्टॉलवर रांग लावणारा चौदा वर्षांचा मुलगा पण चाहताच आहे ना?

आणि चाहत्यांचं ऐकलं जात नाही हेही पूर्ण खरं नाही. माकोतो शिंकाईचा 'वेदरिंग विथ यू' ऑक्टोबर २०१९मध्ये भारतात लागला तो ऑनलाइन अर्जावर पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या म्हणून. त्याआधी इथे अ‍ॅनिमे थिएटरात लावायचा विचार फार कुणी करत नव्हतं. सहा वर्षांत आपण सह्यांपासून पहाटेच्या खेळापर्यंत आलो.

माझी खंत दुसरी आहे. इन्फिनिटी कॅसल हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी डबिंगमध्ये आला. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकचे खेळ भरले आणि त्या यादीत मराठी नाही. आपण हिंदीत बघतो म्हणून ते करत नाहीत, ते करत नाहीत म्हणून आपण हिंदीत बघतो. माझ्या आजीला मी 'द बॉय अँड द हेरॉन' शेजारी बसून वाक्यावाक्याला सांगत दाखवला. तिला आवडला. पण प्रत्येक आजीशेजारी बसायला कुणी नसतं.

पिक्सेलपाटी

मी पुण्यात गेम बनवण्याच्या धंद्यात आहे. वरच्या मराठीच्या मुद्द्यावर आतली माहिती देतो, कारण गेममध्ये मराठी का नाही याचं एक अगदी जमिनीवरचं कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

गेम इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्यात, अक्षर पडद्यावर उमटवण्यासाठी नुसता फॉन्ट पुरत नाही. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण कागदावर आधी काढतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. ही मांडणी करणारा वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये लागतो, त्याला शेपिंग म्हणतात. युनिटी या इंजिनात वर्षानुवर्षं सर्रास वापरली जाणारी टेक्स्टमेशप्रो ही यंत्रणा हे करत नाही. 'किल्ला' लिहिलात तर वेलांटी क च्या पलीकडे जाऊन बसते आणि ल्ल चा पाय मोडतो. मग लोक वेगळे प्लगइन जोडतात किंवा सरळ शब्दांची चित्रं करून चिकटवतात. चित्रं केली की एक वाक्य बदलायचं झालं तरी पुन्हा चित्रकाराकडे जा. अनरियल या इंजिनात शेपिंग करणारं हार्फबझ आहे, त्यामुळे देवनागरी बरीच नीट येते. गोडो ४ मध्येही आहे, ते फुकट आहे, आणि कॉलेजातल्या मुलांना मी तेच सुचवतो.

म्हणजे आज अडचण तंत्राची कमी आणि मागणीची जास्त आहे. स्टीमवर एखादा लहान गेम आवडला तर परीक्षण लिहिताना 'मराठीत हवा' एवढं लिहा. लहान स्टुडिओ प्रत्येक परीक्षण वाचतात. मी वाचतो.

धागाकर्त्यानं पुण्याच्याच 'राजी'चा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं.

रात्रपाळी_गेमर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

पिक्सेलपाटी, 'राजी' २०२०चा, म्हणून २०२५च्या यादीबाहेर ठेवला. पण तुम्ही विषय काढलात तर मनापासून लिहितो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक'. २०१७मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करायचा प्रयत्न केला, लक्ष्य गाठता आलं नाही. तरी चमू टिकला. १८ ऑगस्ट २०२०ला निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर, आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि वरून दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत तिची गोष्ट सांगतायत. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेत. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, झरोके, जाळ्या नुसती सजावट म्हणून ठेवलेल्या नाहीत. ती खांबाला लटकून गिरकी घेते, भिंतीवरून धावत वार करते, म्हणजे वास्तूच तिचं शस्त्र होते. गेम लहान आहे, पाच-सहा तासांत संपतो. लढाई मधूनमधून अडखळते, आणि शेवट ऐन रंगात असताना तुटतो. हे दोष मला दिसतात, आणि तरीही आपल्या मातीतल्या गोष्टीचा गेम कसा दिसावा असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा याचंच नाव घेईन. पुण्यातल्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४मध्ये आला, तो मोबाइलवरचा बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो असा गेम. प्रकार माझ्या आवडीचा नाही, पण बंदुकांच्या गर्दीत भारतीय विज्ञानकथेची एक दुनिया उभी करायचा प्रयत्न त्यात आहे.

सबटायटल, प्रायोजक नकोत असं माझं म्हणणं नाही. जागा बदला एवढंच म्हणतोय. जपानचं कोमिकेट हे कॉन बघा. २१ डिसेंबर १९७५ला पहिलं झालं तेव्हा ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. आज तोक्यो बिग साइटच्या अवाढव्य हॉलमध्ये वर्षातून दोनदा भरतं, आणि आजही त्याचा गाभा म्हणजे स्वतः छापलेली पुस्तकं घेऊन बसलेली माणसं. कंपन्या येतात, त्यांना वेगळा भाग दिलेला असतो. तिथे विकणारा, घेणारा आणि स्वयंसेवक या तिघांचाही दर्जा एकच मानतात. आपल्याकडे याच धर्तीवर मधला एक पट्टा फक्त कलाकारांसाठी ठेवला आणि फोनवाल्याला भिंतीकडे नेलं तर त्याचं काय जाईल? त्याच्याकडे लोक तसेही जाणारच, फुकट वस्तू तोच वाटतो. चौदा वर्षांच्या मुलाबद्दल म्हणालास, तर त्याच मुलानं गेमच्या रांगेतून बाहेर पडताना पहिल्यांदा एखादी चित्रकार काम करताना बघावी असं मला वाटतं. त्या वयात बघितलेलं टिकतं.

जुनावेताळ काका, दालनाची कल्पना फार आवडली. 'अँग्री मावशी' तुम्ही पाहिलीय का? मुंबईच्या अभिजीत किणींचं कॉमिक, नऊवारीतली मावशी भ्रष्ट लोकांना धडा शिकवते. इंद्रजालवर वाढलेल्या माणसाला ती नक्की भेटावी.

बेएरिया_आई

खूप छान चर्चा. मी कॅलिफोर्नियातून लिहितेय. मुलगी सोळा वर्षांची, चित्रं काढते, तिच्यामुळे मी या जगात आले.

इथे सगळे सॅन डिएगो कॉमिक-कॉनचं नाव घेतात. १९७०मध्ये एका हॉटेलच्या तळघरात काही शे माणसांनी सुरू केलं आणि आजही ते चालवणारी संस्था विनानफा आहे. पण आमच्यासारख्यांना तिथला बिल्ला, म्हणजे प्रवेशपास, मिळणंच कठीण, आणि मिळाला तरी त्या दिवसांत हॉटेलचे दर ऐकून माघारी यावं लागतं. आम्हाला जवळचं वाटतं ते सॅन होजेचं फॅनिमेकॉन. मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीत. चाहत्यांनीच चालवलेलं. तिथल्या आर्टिस्ट अ‍ॅलीत मुलीच्याच वयाची मुलं स्टिकर, छोटी पुस्तकं, प्रिंट घेऊन बसतात. शिवाय तिथे स्वॅप मीट होते, जुनी मांगा (जपानी कॉमिक), बाहुल्या, गेम लोक एकमेकांना विकतात. जुनावेताळ काकांची वाचनालयाची पायरी वाचून मला तीच आठवली.

एक गोष्ट मात्र सावधपणे सांगते. कलाकारांना मधली जागा द्यायची तर त्या जागी कुणाला बसवायचं हे ठरवावं लागतं, आणि हल्ली सगळ्यात मोठं भांडण एआयनं काढलेल्या चित्रांवरून आहे. माझ्या मुलीला एक प्रिंट करायला आठवडा लागतो. शेजारच्या टेबलावर शंभर वेगवेगळे प्रिंट, एकाही चित्रात बोटं नीट नाहीत, आणि किंमत निम्मी. आयोजकांनी अर्जासोबत कच्ची रेखाटनं मागवावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

सबटायटल

ताई, एआयवरून आठवलं. एक्स्पिडिशन ३३चं धागाकर्त्यानं एवढं कौतुक केलं, पण डिसेंबरमध्येच इंडी गेम अवॉर्ड्सनं त्याला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले. निर्मितीच्या काळात एआयची तात्पुरती टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं, वापरली होती, त्यातली काही पहिल्या आवृत्तीत राहून गेली, नंतर काढली. आता कारागिरीचा दाखला म्हणून हाच गेम कसा द्यायचा?

रात्रपाळी_गेमर (धागाकर्ता)

प्रश्न योग्य आहे. पुरस्कार परत घेणं मला पटलं, कारण नियम आधीपासून लिहिलेला होता आणि नियम मोठ्या नावासाठी वाकवला नाही. पण भिंतीवरच्या काही तात्पुरत्या कागदांमुळे तेस्तारचं संगीत, नटांचे आवाज आणि ती गोष्ट खोटी ठरत नाही. बेएरिया_आईंनी सांगितलेलं टेबल वेगळं आहे, तिथे संपूर्ण मालच माणसानं न केलेला. दोन्ही एकाच तागडीत तोलणं मला मान्य नाही. तरी एवढं म्हणतो की सँडफॉलनं हे विक्रीच्या पानावर स्वतःहून लिहायला हवं होतं.

फोमतलवार

मला यात सबटायटलशी सहमत व्हावंसं वाटतं. 'थोडंसंच वापरलं' हे वाक्य मी फार ऐकलंय. कॉस्प्लेच्या स्पर्धेत विकत आणलेला एक खांदापट्टासुद्धा अर्जात लिहावा लागतो, लपवला तर बाद. गेमवाल्यांना तोच नियम का नको? त्यामुळे गेम वाईट ठरत नाही, पण पुरस्काराच्या रांगेतून बाहेर.

बाकी कच्च्या रेखाटनांची कल्पना उत्तम. आम्ही घडवतानाचे फोटो देतोच, परीक्षक ते निरखून बघतात. चित्रकारांकडूनही मागा.

पिक्सेलपाटी

फोमतलवार यांच्याशी सहमत. आणि एक ठोस सूचना. पुढच्या कॉनला आपल्यापैकी चार-पाच जणांनी मिळून एक टेबल घ्यावं. एकट्या कलाकाराला टेबलाचं भाडं परवडत नाही हे खरं कारण आहे, लोक याबद्दल बोलत नाहीत. ए५ आकाराचं सोळा पानी झाइन, म्हणजे स्वतः छापलेली छोटी पुस्तिका, काळंपांढरं, मधोमध दोन स्टेपल. माझा एक लहान मराठी गेम अर्धा तयार आहे, तो लॅपटॉपवर खेळायला ठेवतो. वेलांट्या जागच्या जागी आहेत, तपासून बघा.

सबटायटल

मी येतो. नागपूरहून संत्र्याची बर्फी आणि अ‍ॅनिमे सिनेमांवरचा चार पानी लेख, दोन्ही माझ्याकडून.

जुनावेताळ

माझ्याकडे मराठी इंद्रजालचे काही अंक आहेत. विकायचे नाहीत, पण टेबलावर पाहायला ठेवता येतील. आणि एक विचारायचं होतं. नातू म्हणतो आजोबा, तुम्हीही खेळा. एवढ्या गेममधला माझ्यासारख्यानं कुठला घ्यावा?

रात्रपाळी_गेमर (धागाकर्ता)

काका, 'राजी' घ्या. सगळ्यात सोपी पातळी निवडा. नातवाचा कंट्रोलर वापरा, कीबोर्डवर बोटं गोंधळतात. सुरुवातीला त्रिशूळ मिळेपर्यंत लढाई टाळून फक्त उड्या मारायची सवय करा. डावी काठी चालायला, उजवीकडची बटणं उडी आणि वाराला, एवढं दोन संध्याकाळी जमतं. चक्रं फिरवून चित्र जुळवायची कोडी येतील, ती नातवाला देऊ नका, ती तुम्हालाच जास्त आवडतील. अडलात तर इथेच लिहा, मी रात्री असतो.

अंक आणताना प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून आणा. फोमतलवार, टेबलावर काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवता येईल का?

फोमतलवार

अ‍ॅक्रिलिक आहे माझ्याकडे, तीन मिलिमीटरचं. अंकांची मापं पाठवा काका, कापून आणते.